चांदणीचा मागचा पाय

"ही पट्टी कुणासाठी बांधलीय बाबा?"

खुरं साळायला आलेल्या दादानं एवढंच विचारलं. चांदणी खोड्यात उभी, मागचा डावा पाय दोरीनं वर ओढून पाइपाला बांधलेला, त्याच्या हातात कात्री आणि आप्पा तिथंच दोन हातांवर. आवाजात खवचटपणा अजिबात नव्हता, त्याला खरंच माहिती हवी होती. आप्पा म्हणाले, "गायीसाठी, अजून कुणासाठी?" आणि गव्हाणीकडे वळून वैरण सारखी करायला लागले. मग त्यानं कात्री घातली. सगळ्यात वर युरियाच्या गोणीचा तुकडा, तो घसरू नये म्हणून सायकलच्या ट्यूबची वळी, त्याच्या आत आप्पांच्या जुन्या धोतराच्या चिंध्या आणि अगदी आत हळद-तेलाचा बोळा. बांधली तेव्हा ती पट्टी पांढरीशुभ्र होती आणि बघून घरातल्या सगळ्यांना बरं वाटलं होतं, आता तिच्यातून शेणमूत पिळून निघत होतं. ट्यूब सोडल्यावर खुराच्या वर, जिथं केस सुरू होतात तिथं, गोल काचल्याचा वळ दिसला, आतली कातडी पांढरट, सुरकुतलेली, आणि वास असा की मी पदर नाकाला लावला. चांदणीनं पाय झटकायचा प्रयत्न केला, दोरीनं तो जागच्या जागीच थरथरला.

तो प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी धारा काढताना, कॅन धुताना, रात्री भाकरी थापताना परत परत तोच. कारण उत्तर आप्पांनी दिलं तेवढं सरळ नाहीये हे मला कळत होतं. माशा बसू नयेत, घाण लागू नये, हे तर आहेच. पण ती लालभडक जागा दिवसभर डोळ्यासमोर नको, हेही त्यात होतं. पट्टी बांधली की आपण काहीतरी केलं असं वाटतं, रस्त्यानं जाणारा माणूस बघून म्हणतो औषधपाणी चाललंय वाटतं, आणि आपला जीव थोडा खाली बसतो. चांदणी मात्र पट्टीच्या आधी जशी पाय अर्धवट टेकत होती तशीच पट्टीनंतरही टेकत होती. पाठ कमानीसारखी वर काढून, मान खाली घालून, एकेक पाऊल मोजून. गव्हाणीवर सगळ्यात शेवटी यायची आणि सगळ्यात आधी बसायची.

आमच्याकडं संगमनेरच्या या पट्ट्यात घरटी गाय आहे, आणि गाय म्हणजे एचएफचा, होल्स्टीन या परदेशी जातीचा संकर, काळी-पांढरी, मोठ्या कासेची. हिच्या कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांदणी. गोठ्यातलं काम बायकांचं, कोणी काहीही म्हणो, शेण काढणं, वैरण टाकणं, पाणी दाखवणं, धार, सगळं. त्यामुळं कुठली गाय आज कशी आहे ते आम्हाला पहिलं कळतं. चांदणी व्यायल्यावर साधारण दोन महिन्यांनी मला तिचं काहीतरी वेगळं दिसायला लागलं होतं, लंगडत नव्हती, पण उभी राहिली की मागचा डावा पाय जरा बाहेर टाकायची आणि वजन सारखं इकडून तिकडं करायची. मी यांना सांगितलं, हे म्हणाले दूध तर देतीये. आणि देतच होती. गाय दुखणं दाखवत नाही, कळपातलं जनावर आहे ते, दुखणं दाखवलं की वाघ-लांडगा तिलाच धरणार हे तिच्या हाडात मुरलंय, मग आज तिला बांधायला सिमेंटचा कोबा आणि वर पत्रे असले म्हणून काय झालं. ती दाखवायला लागते तोवर पुष्कळ उशीर झालेला असतो.

आणि बघणारा बघतो कुठं? कासेकडं. दिवसातून दोनदा कासेला हात लागतो, गरम आहे का, सुजलीये का, दुधात गाठी आहेत का, जरा काही वाटलं की लगेच डॉक्टरला फोन. खुराकडं कोणाचा हात जात नाही. खूर शेणात असतं, दिसतच नाही.

माझं माहेर पाथर्डीचं. तिथं लहानपणी घरात दुधाची गाय म्हणजे चहापुरती, महत्त्व सगळं बैलांना. गावातले निम्मे लोक कारखान्याला ऊसतोडीला जायचे, बैलगाडीनं, डांबरी रस्त्यानं, आणि निघायच्या आधी बैलांना पत्र्या मारायला रांग लागायची. पत्री मारणारा माणूस दोरीचे दोन वेढे असे टाकायचा की एवढा मोठा बैल धपकन कुशीवर यायचा, मग चारी पाय एकत्र करून बांधायचे, एकानं मानेवर बसायचं, आणि तो नखी साळून, कानशीनं घासून, लोखंडी पत्री ठेवून वाकडा खिळा ठोकायचा. प्रत्येक नखीला वेगळी पत्री, चार पायांच्या आठ. खिळा नखीच्या कडेतून बाहेर आला पाहिजे, आत जिवंत मासात गेला की बैल कामातून गेला. त्या माणसाच्या हाताकडं आम्ही पोरं श्वास रोखून बघायचो. रात्री गाड्या निघाल्या की डांबरावर पत्र्यांच्या ठिणग्या उडायच्या. बैलाच्या पायाला किंमत होती कारण बैल चालला तरच पैसा. गाय दावणीला उभ्या उभ्या पैसा देते, म्हणून तिच्या पायाचा विचार कोणी केलाच नाही असं मला आता वाटतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात, खांदेमळणी, कारण जू खांद्यावर असतं. एचएफ गायीचं सगळं ओझं मागच्या पायांवर, तेही बाहेरच्या नखीवर, तिथं चोळायला कोण जातो.

बैल लंगडला तर मात्र माहेरी डाग द्यायचे. लोखंडी सळई लाल करून सांध्यावर. ते मी एकदा बघितलंय आणि त्यानंतर मला दोन दिवस जेवण गेलं नाही, जळलेल्या केसांचा वास आजही चुलीवर चुकून केस पडला की अंगावर येतो. दुखणं खुरात, डाग गुडघ्यावर! पण वडील बैलाशी दुष्टपणा करत होते असं मी म्हणणार नाही, डाग देऊन झाल्यावर तेच रात्रभर त्याच्याजवळ बसले होते. जे माहीत होतं ते केलं.

आता चांदणीच्या पायात काय होतं ते सांगते, कारण मला स्वतःला ते समजल्यावर खूप गोष्टींचा उलगडा झाला. दादानं पाय धुतला, खरवडला, मग चिमट्यानं नखी थोडी थोडी दाबत गेला, बाहेरच्या नखीच्या मध्याच्या जरा मागं, टाचेकडं, दाबल्याबरोबर चांदणीनं अंग काढलं. तिथं साळल्यावर कठीण तळव्यात एक भोक आणि त्यातून बोराएवढा लाल मासाचा गोळा वर आलेला. तळव्याचा व्रण म्हणतात याला. तो म्हणाला, वहिनी ही जखम आत्ताची नाही, व्यायच्या सुमारास सुरू झालेली आहे. खुराच्या आत एक हाड असतं, आणि त्या हाडाखाली चरबीची गादी. वासरू व्हायच्या वेळी अंगातले सगळे सांधे-बंध सैल होतात, त्यात खुरातलं हाड धरून ठेवणारे बंधही सैल होतात, हाड खाली उतरतं आणि आतून मास चेपतं. गाय जर व्यायल्यावर दुधामागं वाळली तर चरबीची गादीही पातळ होते, मग चेपणं अजून जास्त. वरून आपण दूध वाढावं म्हणून भरडा आणि पेंड एकदम वाढवतो, पोटात आम्ल वाढतं, त्याचाही परिणाम खुरापर्यंत पोचतो. त्या जागी तळवा कच्चा बनतो. पण खूर महिन्याला जेमतेम ५ मिलिमीटर वाढतं, त्यामुळं आत बिघडलेला थर झिजत झिजत जमिनीला लागायला दोन-तीन महिने जातात आणि तेव्हा गाय लंगडते. म्हणजे आपण आज जे बघतोय ते कधीच होऊन गेलेलं असतं.

हे ऐकल्यावर हळद-तेलाच्या बोळ्याकडं मी वेगळ्या नजरेनं बघायला लागले. हळदीत दोष नाही. पण सहाशे किलोच्या आसपास वजनाची गाय, तिचा सगळा भार ज्या जागेवर पडतो तिथंच भोक, आणि आपण त्या भोकात कापड कोंबून तिला पुन्हा त्याच भारावर उभी केली. बोळा उलट आतून दाबणार.

मग त्यानं जे केलं ते बघून मी गोठ्यातच उकिडवी बसले. आधी दोन्ही नख्या मापानं कापल्या, पुढची भिंत साधारण साडेसात सेंटिमीटर ठेवायची, ही पद्धत हॉलंडहून आलेली, त्याच्या सुरीच्या मुठीवरच तेवढ्या मापाची खूण होती. मोठ्या गायीला थोडी जास्त ठेवतात म्हणाला. दुखऱ्या नखीची टाच उतरवली, व्रणाच्या कडेनं सुटलेली सगळी साल पातळ करत काढली, एक थेंब रक्त न येऊ देता, सुरी अशी फिरत होती की बघत राहावं. लाल गोळ्याला हात लावला नाही. आणि औषध कुठलं लावणार म्हणून मी वाट बघतीये तर त्यानं दुखरी नखी सोडून शेजारची चांगली नखी ग्राइंडरनं घासली, पुसली, केस वाळवायच्या मशीननं कोरडी केली, पिशवीतून लाकडी ठोकळा काढला, पावडर आणि पातळ औषध एका कागदी कपात कालवून त्याचा चिकट गोळा ठोकळ्यावर फासला आणि तो ठोकळा त्या चांगल्या नखीला चिकटवला. दाताच्या डॉक्टरकडं कवळी बसवताना येतो तसला उग्र वास गोठाभर पसरला. काही मिनिटांत ते कडक झालं, हात लावून बघितलं तर गरम. ठोकळा टाचेपर्यंत पुरला पाहिजे, नाहीतर पाय मागं कलंडतो, हे तो दोनदा बोलला. आणि पाय सोडला.

चांदणीनं पाय हवेतच धरला. खाली टेकवला, उचलला, झटकला, परत टेकवला. मग सगळं वजन टाकून उभी राहिली. दुखरी नखी जमिनीपासून बोटभर वर, हवेत.

माझ्या डोळ्यात पाणी आलं हे लिहायला मला काही वाटत नाही. कितीतरी दिवस मी तिचं ते मोजून टाकलेलं पाऊल बघत होते. दुखऱ्या जागेला कोणी काही लावलंच नाही, बाजूच्या धडधाकट नखीनं चार-सहा आठवडे सगळा भार घ्यायचा आणि हिनं नुसतं मोकळं राहायचं, तेवढ्यात तळवा आपला आपण भरून येतो. किती साधं आहे हे. आणि आमच्या आख्ख्या पंचक्रोशीत कोणाला माहीत नाही, ठोकळा म्हणलं की लोक हसतात, गाईला सँडल घातलंय का म्हणून विचारतात.

डॉक्टरांनी त्याच दिवशी दुखण्याचं इंजेक्शन दिलं, मेलॉक्सिकॅम. मी विचारलं आता ठोकळा लावलाय तर इंजेक्शन कशाला, उगाच खर्च. आमचे डॉक्टर समजावून सांगणारे आहेत. ते म्हणाले इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठानं यावर अभ्यास केलाय, २०१५ साली छापून आलाय, नुकत्याच लंगडायला लागलेल्या गायी घेतल्या, काहींचं नुसतं खूर साळलं, काहींना साळून ठोकळा लावला, काहींना साळून वेदनाशामक दिलं, काहींना तिन्ही. ३५ दिवसांनी बघितलं तर नुसतं साळलेल्यांपैकी साधारण पाव गायी अगदी नीट चालत होत्या आणि तिन्ही मिळालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त. दुखणं कमी झालं की सूज कमी, सूज कमी झाली की आतलं हाड-मास लवकर सावरतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे वेदनाशामक हा लाड नाही, उपचारच आहे. आपल्याकडं जनावराला दुखण्याचं औषध म्हणजे वायफळ खर्च समजतात, बाईला बाळंतपणात कळा येणारच म्हणतात तसंच गाय लंगडणारच. मला हे ऐकून राग येतो, पहिल्यापासून येतो.

त्या अभ्यासात वापरलेलं औषध म्हणजे किटोप्रोफेन, ते आपल्याकडं जनावरांना द्यायला २०२३ पासून बंदी आहे. कारण गिधाडं. आधी डायक्लोफेनॅक, त्यावर २००६ मध्ये बंदी आली. औषध दिलेलं जनावर मेलं आणि ते गिधाडानं खाल्लं की गिधाडाची किडनी जाते. मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं. डॉक्टर हे सांगत होते आणि मला पाथर्डीची ती गावाबाहेरची मेलेलं ढोर टाकायची जागा आठवली, शाळेत जाताना लांबूनच दिसायची गिधाडं, पंख पसरून, मान आत घालून बसलेली, आम्ही नाक दाबून पळत जायचो. कधी दिसेनाशी झाली ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. नव्वदच्या दशकापासून देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्व्याण्णव गेली. गायीचा पाय दुखायचा थांबावा म्हणून कोणीतरी प्रेमानं दिलेल्या सुईतून हे झालं, यावर काय बोलावं मला सुचत नाही. बाटलीवरचं नाव वाचायला मात्र मी तेव्हापासून शिकले, इंग्रजी असलं तरी अक्षर लावून वाचते. जुन्या बाटल्या, माणसांच्या गोळ्या, हे अजूनही लोक जनावरांना देतात.

आता पट्टीवर येते. मी त्या दादाला चहाच्या वेळी सरळच विचारलं की मग पट्टी बांधायचीच नाही का कधी. तो म्हणाला बांधायची ना, पण कशासाठी ते माहीत असलं पाहिजे. साळताना रक्त आलं तर ते थांबवायला दाबपट्टी, ती एक-दोन दिवसात काढायची. टाचेच्या वर, दोन नख्यांच्या मागच्या खाचेत लाल, ओली, केस उभे राहिलेली जखम येते, हात लावला तरी गाय उडते, मोर्टेलारो म्हणतात त्याला, १९७४ मध्ये इटलीत पहिल्यांदा नोंदलेला संसर्गाचा रोग आहे तो, त्यावर डॉक्टरनी दिलेलं औषध जागेवर टिकावं म्हणून पट्टी, तीही दोन-तीन दिवस. त्याच्याकडं गुलाबी रंगाची, स्वतःलाच चिकटणारी पट्टी होती, ती कशी फिरवायची ते त्यानं माझ्या मनगटावर दाखवलं, ओढून नाही गुंडाळायची, आधी रोलमधून सैल करून घ्यायची आणि मग नुसती ठेवत जायची, दोन नख्यांच्या मधून एकदा घालून, खुराच्या वरच्या मऊ कातडीवर बोट आत जाईल एवढी ढिली. ओली झाली की काढायची, मग तिसरा दिवस असो की पहिला. भरून यायला लागलेला तळव्याचा व्रण उघडाच बरा, हवा लागू दे, ठोकळा आहे ना. आणि जखमेत मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, भरायचं नाही, जिवंत मास जळतं. हे ऐकून माझ्या जाऊबाई एकदम म्हणाल्या, "अगंबाई, आमच्याकडं तर चमच्यानं भरायचे!" सगळीकडंच भरायचे.

आप्पा हे सगळं ऐकत होते. त्यांना वाईट वाटलं होतं आणि मला त्यांचं वाईट वाटलं. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, वाकून, गायीच्या लाथेच्या टप्प्यात बसून, तिच्याशी बोलत बोलत पट्टी बांधत होता. ते बोलणं मी ऐकलंय, "थांब गं बाय, झालं, झालं, माझी गुणाची." त्या वेळी चांदणी हलली नव्हती. पट्टीनं तिला उतार पडला नाही हे खरं, पण ते बोलणं आणि पाठीवरचा हात तिला कळत नव्हता असं मी कशी म्हणू. कळत होताच. तरी दुखत होतं. दोन्ही खरं आहे आणि मला यातलं एकही खोडता येत नाही.

आणि आप्पांना काहीच येत नाही असंही नाही. लाळ्या खुरकूत यायचा तेव्हा त्यांनी जनावरं वाचवलीत. आता वर्षातून दोनदा लस होते, २०१९ पासून तर केंद्राच्या कार्यक्रमातून होते, कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला मारलेला असतो, त्यामुळं नव्या पोरांना माहीतच नाही गावात लाळ्या शिरला म्हणजे काय. तोंडातून लाळेच्या तारा, जिभेची साल निघालेली आणि खुरांच्या बेचक्यात फोड, ते फुटले की माशा, माशा आल्या की किडे. कधी कधी आख्खी नखी सुटून यायची. तेव्हा आप्पा बाभळीच्या सालीच्या काढ्यानं पाय धुवायचे, किडे पडले की सीताफळाचा पाला वाटून एकच दिवस भरायचे, जनावर कोरड्या वाळूत हलवायचे. आता राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं, म्हणजे एनडीडीबीनं, घरगुती औषधांची माहिती छापलीये त्यात कडुनिंब, हळद, लसूण, तुळस, मेंदी तेलात उकळून खुराच्या जखमेला लावायला सांगितलंय आणि किड्यांसाठी सीताफळाचा पालाच लिहिलाय. मी ते मोबाईलवर आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग? मी काय निराळं करत होतो?" ते खुरकुतासाठी बरोबर होतं. चांदणीचं दुखणं निराळं, ते वजनाचं दुखणं, आणि ते आप्पांच्या काळात एवढं नव्हतंच कारण तेव्हा गायी चरायला जायच्या, मातीवर चालायच्या, आणि तीस लिटर दूध देणारी गाय कोणी बघितलेली नव्हती.

खरा घोळ खालच्या कोब्याचा आहे. आमच्या गोठ्यात दहा-बारा वर्षांपूर्वी सिमेंट केलं तेव्हा किती कौतुक झालं होतं, धुवायला सोपं, स्वच्छ. पण गायीला दिवसातून बारा तास बसायला लागतं, त्यातच रवंथ, त्यातच पायाला विसावा, आणि कडक कोब्यावर ती बसताना-उठताना कचरते, मग उभीच राहते. वरून पावसाळ्यात चार महिने शेणमुताच्या चिखलात खूर भिजून मऊ पडतं, मऊ खूर सिमेंटवर घासलं की तळवा पातळ. जाऊबाईंच्या भावानं शेवगावला मुक्त गोठा केलाय, मुरूम टाकून, गायी मोकळ्या, त्याच्याकडं लंगडी गाय शोधावी लागते. मी यांच्या मागं लागलीये की निदान निम्मा कोबा उकरून मुरूम भरा, किंवा बसायच्या जागी रबरी मॅट तरी टाका. रबर मॅटचा भाव ऐकून हे गप्प झालेत. दुधाचा भाव काय आहे ते मला माहितीये, मी रोज स्लिपा बघते, त्यामुळं मी चिडून बोलू शकत नाही. पण लंगड्या गायीनं गेले दोन महिने किती दूध कमी दिलं तेही त्याच स्लिपांवर आहे, ते मी यांच्यापुढं मांडून ठेवलंय.

तोपर्यंत एक सोपं काम सुरू केलंय. गोठ्याच्या दारात पसरट टब ठेवतो, नख्या बुडतील एवढं पाणी, १० लिटरला अर्धा किलो मोरचूद, आधी पाय साध्या पाण्यानं धुवायचे आणि मग त्यात उभं करायचं. मोर्टेलारो आणि बेचक्यातली कुज पसरू नये म्हणून हे, चांदणीला मात्र जखम भरेपर्यंत त्यात घालत नाही. गायींनी ते पाणी पिऊ नये म्हणून तिथं उभं राहावं लागतं. आणि उरलेलं पाणी शेणखताच्या खड्ड्यात ओतायचं नाही, तांबं जमिनीत साठत राहतं, डाळिंबवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे, वर्षानुवर्षं मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण मारून मारून. आम्ही ते बांधाच्या कडेला, विहिरीपासून लांब एका ठरलेल्या जागी टाकतो, हाही काही फार चांगला उपाय आहे असं मला वाटत नाही, म्हणून रोज करत नाही.

आणि धार काढायला बसायच्या आधी मी आता गायी गव्हाणीपासून पाण्याच्या हौदापर्यंत चालवते आणि मागून बघते. पाठ सरळ आहे का, पाऊल जिथं पुढचं पडलं तिथंच मागचं पडतंय का, मान वरखाली होतीये का. माझ्या लेकालाही शिकवलंय, तो शाळेतून आला की सांगतो, आई आज कपिली जरा जपून चालतीये. कपिली गाभण आहे. दादाचं म्हणणं गाय आटवताना, म्हणजे व्यायच्या दोन महिने आधी, खुरं साळून घ्यायची, तेव्हा भारही कमी असतो आणि व्याल्यावर जे होणार त्याच्या आधी पाय सरळ बसतात. दिवाळीच्या आधी तिची वेळ येते. एका गायीसाठी तो एवढ्या लांबून खोडा ओढत येणार नाही आणि आला तरी भाडं परवडणार नाही, म्हणून जाऊबाईंनी त्यांच्या दोन आणि खालच्या वस्तीवरच्या वहिनींनी त्यांची एक सांगितलीये, अजून दोन-तीन घरं झाली की फोन करू. पैसे ज्याच्या त्याच्या गायीप्रमाणं. खोडा उभा करायला आमच्या खळ्यात जागा आहे, लाईटची वायर तेवढी लांब लागेल, ती यांनी कालच आणून ठेवली.